काकवीचा डबा रिकामा पाठवू नये

शाहूवाडी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालिनीस आशाआत्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघे सोडले तर मी खुशाल आहे. फोन असताना पत्र कशाला म्हणशील, तर फोनवर तू सगळ्याला हो म्हणतेस आणि मला त्यातलं अर्धंच ऐकू येतं. पत्रात हो लिहायचं तर माणसाला आधी पेनाचं टोपण तरी काढावं लागतं.

विषय काकवीचा आहे. आमचा लेक उत्तम म्हणतो, यंदा गुऱ्हाळ लावायचं नाही, सगळा ऊस कारखान्याला. चार दिवस चुलवाण पेटवायचं, काहिलीत रस आटवत धुरात उभं राहायचं, आणि गूळ व्हायच्या आत काढलेली ती काकवी खातंय कोण? मी म्हटलं, माझी भाची मिरा रोडला दरवर्षी पाच किलोचा डबा संपवते. तर म्हणतो, घरात माणसं तीन, त्यात जावयांना साखर, मग पाच किलो जाते कुठे? त्यावर मी जरा जोरातच ओरडले.

तर तू काकवीचं काय काय करतेस ते सविस्तर लिही. जेवताना त्याला वाचून दाखवीन. पाच डिसेंबरला ऊसतोडीची टोळी येते, त्याआधी काय ते ठरेल. गुऱ्हाळ तुझ्या आतोबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, छत्तीस वर्षं एकदाही चुकवलं नव्हतं. तसं ते बंद पडलं तरी मी मरणार नाही, पण जानेवारीत अंगणाला वास येणार नाही एवढंच.

यंदाचा डबा अजून परत आला नाही. परवाच्या वर्षी त्यातून आलेले खाकरे आणि गेल्या वर्षीची नानखटाई, दोन्ही झकास. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हे वहिनीने तुला शिकवलं, पण हे सुगरणपण कुठून आलं कळत नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढं असावं.

तुझी,
आशाआत्या

•

बेव्हर्ली पार्क, मिरा रोड,
१० नोव्हेंबर २०२५

ती. आशाआत्यास मृणालिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. उत्तमदादाला सांग की काकवी आमच्याकडे फार दिवस टिकत नाही. डबा आला की आठवड्याभरात जवळजवळ सगळी संपलेली असते, हे मी शपथेवर सांगू शकते. आमच्या बिल्डिंगमध्ये काकवीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. थंडीत तर तिची फार आठवण निघते.

काय काय करते म्हणशील, तर गोडाधोडात होते, चपातीशी होते, कणीक मळताना होते. परवाच मी घावनं केली. पहिलं तव्याला चिकटलं, दुसऱ्याचा नकाशा झाला. आरोही म्हणाली, आई, हा कोणता देश? त्यावर काकवी घातली तेव्हा ती सगळ्या सीमा ओलांडून गेली. जितेंद्र ताटाकडे बघत होता, मी ताट उचललं. त्याची साखर आता बरी आहे, पण मी तरी त्याच्या देखत कशी खाऊ?

हे पत्र लिहिताना मला जरा बरं वाटत नाहीये. सर्दी असावी.

काहील चढू दे, ही मनापासून विनंती. तुझ्या लोभात घट व्हायचं कारण माझ्याकडून घडू नये.

तुझी,
मृणालिनी

•

शाहूवाडी,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालिनीस आशीर्वाद.

पत्र उत्तमला वाचून दाखवलं. त्याने भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं की 'होते' म्हणजे कोण करतं. घागरीला भोक असलं तर पाणीसुद्धा फार दिवस टिकत नाही, हेही तोच म्हणाला. मला राग आला, पण बोलला ते चूक वाटलं नाही.

आता तीन प्रश्नांची उत्तरं दे. काकवी आधी की तूप आधी? थंडीत ती हलेनाशी झाली की काय करतेस? आणि महिन्या-दोन महिन्यांनी तळाला खडीसाखरेसारखे दाणे बसतात, त्यांचं तुमच्याकडे काय होतं? आमच्याकडे त्यावरून भाऊ-भाऊ भांडायचे.

उत्तरं स्वतःची दे, शेजारी विचारून देऊ नकोस. सर्दीवर काकवीत आलं घालून चाट. असेल तर.

लोभ आहे, डोळेही उघडे आहेत.

आशाआत्या

•

बेव्हर्ली पार्क, मिरा रोड,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या, शि. सा. नमस्कार.

तू नको म्हटलंस तेच मी आधी केलं. शेजारी विचारायला गेले. म्हणजे आता खरं लिहिणं भाग आहे. डायरीत २०२० पासून दर जानेवारीत एकच ओळ आहे: आत्याला सांगायचं. ती लिहिली की मला सांगितल्यासारखंच वाटायचं.

त्या वर्षी जितेंद्रच्या साखरेचा रिपोर्ट आणि तुझा डबा एकाच दिवशी आले. आरोहीने वास घेऊन हे खोकल्याचं औषध आहे असं जाहीर केलं. एकटीने खाणं मला बरं वाटेना, नको म्हणून तुला कळवणं त्याहून वाईट. म्हणून समोरच्या ममताबेनना भांडंभर दिली. उरलेली बी विंगच्या शबानाबाजींना, आणि एक बाटली गेटवरच्या चंदनला. ममताबेनचं भांडं परत आलं खाकऱ्यांनी भरून. तुझा डबा रिकामा पाठवायचा नव्हता, आणि माझ्या घरात इतकं चांगलं दुसरं काही नव्हतं. नानखटाई शबानाबाजींची. ते मी केलं असं मी कधी लिहिलं नाही. दुसऱ्याने केलं असंही लिहिलं नाही. मागच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि पत्र खोटं होतं.

आता उत्तरं, ज्याची त्याच्या नावावर. ममताबेन बाजरीचं पीठ तुपात भाजून त्यात काकवी घालतात आणि वड्या थापतात, म्हणजे तूप आधी. शबानाबाजी थंडीत बरणी कोमट पाण्यात उभी करतात. त्यांच्या सासूबाई ती आल्याच्या रसात घेतात. तळच्या दाण्यांचं मात्र दोघींनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे दोन महिने कुणी उरूच देत नाही. ते चंदनला ठाऊक होतं. तो जौनपूरचा, काकवीला राब म्हणतो. बाटली पुरवून पुरवून मार्चपर्यंत नेतो. दाणे तो खात नाही, कागदात बांधून गावी मुलीला नेतो. शेवटी बाटलीत गरम पाणी घालून हलवतो आणि तेही पितो. त्याने मला विचारलं की मॅडम, आप कैसे खाती हैं, आणि मी लिफ्ट आली म्हणून निघाले. लिफ्ट आली नव्हती.

वर येऊन कपाटातल्या डब्याच्या तळाशी राहिलेली वाटीभर काढली. गार चपाती, वर तूप, वर काकवी. ओट्याशी उभ्या उभ्या तीन चपात्या खाल्ल्या. आत्या, सहा वर्षं मी काय देऊन टाकत होते ते मला माहीतच नव्हतं.

उत्तमदादाला हे वाचून दाखव. काकवी खाणारी माणसं खूप आहेत, फक्त ती मी नव्हते. गुऱ्हाळ बंद पडलं तर दोष माझ्या पत्रांचा आहे, काकवीचा नाही.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही. ठेवलास तर कळव.

मृणालिनी

•

शाहूवाडी,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

लोभ जागच्या जागी आहे. मला पहिल्या खाकऱ्यालाच कळलं होतं. वहिनीची पोळी कधी गोल झाली नाही, तू तिची मुलगी, आणि खाकरे असे की पलीकडचं दिसावं. पण तू एकदा तरी स्वतःहून सांगशील म्हणून मी वाट बघत राहिले. सहा वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं.

तुझं पत्र उत्तमने माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. चंदनच्या बाटलीपाशी थांबला, पाणी प्याला. मग हसायला लागला तो थांबेना. मी विचारलं, गुऱ्हाळाचं काय? तर म्हणाला, बंद केलं तर खाकरे कुठून येणार? आत्ता मला कळलं, खाकऱ्यांचा डबा आला की दर वेळी तो निम्मे खाकरे गोठ्यात नेऊन कुणाला न दाखवता खातो. मी ते उंदरांवर ढकलत होते.

तर टोळीला वरच्या मळ्यातला ऊस. खालचा अर्धा एकर काकवीचा. यंदा चार डबे येतील, प्रत्येकावर नाव घालून. तुझा सगळ्यांत लहान, आणि तो कुणाला द्यायचा नाही. जावयांना डॉक्टरांना विचारून चमचाभर.

माझी अट एकच. जुना डबा परत येईल तो तुझ्या हातचं घालून. कसंही असो. तो आल्याशिवाय काहील चढणार नाही.

आता निर्धास्त झोप.

आशाआत्या

•

बेव्हर्ली पार्क, मिरा रोड,
२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

हे पत्र डब्याबरोबरच काशीमिऱ्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सने पाठवतेय, म्हणजे दोन्ही एकदम पोचतील. आत काकवीत मळलेल्या शंकरपाळ्या आहेत. उरलेली काकवी त्यातच संपली. ममताबेन मदतीला येत होत्या, त्यांना मी दाराबाहेर उभं केलं. आरोहीने एक खाल्ली आणि दुसरी घ्यायच्या आधी जरा विचार केला, पण घेतली. कडक आहेत. चहात बुडवून खा, दात सांभाळ.

खाकरे वेगळ्या पुडक्यात आहेत. वर 'उत्तमदादासाठी, ममताबेनकडून' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय.

शंकरपाळ्यांतल्या बऱ्या दिसणाऱ्या तळाशी आहेत. जळक्या मुद्दाम वर ठेवल्यात.

लोभ आहे तसाच चढत राहावा, काहिलीसह.

तुझी,
मृणालिनी