एका पातेल्यातला भात

प्रिय युनजा,

नावापुढे 'ताई' लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. वयाने मी तुझ्यापेक्षा वर्षाने मोठी. तरी अकराव्या वर्षी तुमच्या ग्वांगजूच्या घरी कामाला आले, त्या दिवसापासून मी तुला ताई म्हणत आले आणि तू मला नुसतं मालसुन. आज लिहायला बसले आणि तिथेच हात अडखळला. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला एकटीने होत नाही, मुलं सोलमध्ये, तेव्हा मोकफोची खोली सोड आणि कायमची माझ्याकडे राहायला ये, असं तू लिहिलंस. मी हो म्हणणार होते, अगदी खरं सांगते. बॅगसुद्धा भरायला काढली होती. पण मंगळवारी इतिहासाचा तास झाला आणि तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झाला आहे.

हसू नकोस, पण एकोणसत्तराव्या वर्षी मी शाळेत जाते. लहानपणी शाळा हुकलेल्या आमच्यासारख्या बायकांची शाळा आहे ती. एप्रिलमध्ये परीक्षा आहे. गणित जमतं, इतकी वर्षं बाजारात मासळी विकली ती काय उगीच? पण इतिहासातले शब्द काही केल्या डोक्यात शिरत नाहीत. मास्तर पोरगेलासा आहे, फार गोड बोलतो. आपल्या जुन्या कोर्यो राजवटीचे शब्द त्याने कार्डांवर लिहून दिलेत, एका बाजूला शब्द, मागे अर्थ. भात शिजेस्तोवर मी ती कार्डं घोकते. 'नोबी' म्हणजे दास. ते दोन तऱ्हेचे. एक बाहेर राहणारे, त्यांची वेगळी चूल असे, ते धन्याला वर्षाकाठी धान्य, कापड देत. दुसरे धन्याच्याच घरात राहणारे.

सराव परीक्षेत प्रश्न आला की धन्याच्या घरात राहून, तिथेच जेवून, घरकाम करणाऱ्यांना काय म्हणत? मी बिनदिक्कत लिहिलं, 'घरची माणसं'. मास्तर म्हणाला, आजी, उत्तर दास असं आहे. मी म्हटलं, अहो मास्तर, एका पातेल्यातला भात खातात ना, मग घरचेच की! आपल्याकडे कुटुंब म्हणजे दुसरं काय असतं? सगळा वर्ग खो खो हसला. शेजारची बोकनाम म्हणाली, "जा बाई, कोर्योच्या राजाला विचारून ये, मग देतील तुला मार्क." मीही हसले. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

कारण युनजा, मी ते पुस्तकातून लिहिलंच नव्हतं. तुमचं घर डोळ्यांसमोर आणून लिहिलं होतं. मग आठवत बसले. पातेलं एकच होतं, पण तुम्ही सगळे आत माजघरात जेवायचात आणि मी मागाहून चुलीपाशी उभ्याने, तळाची खरवड. आता गंमत बघ, ती खरवड मला मनापासून आवडायची. तूही चोरून मागायला यायचीस आणि मी मुद्दाम छोटा तुकडा द्यायचे. मला गोवर निघाला तेव्हा काकू, तुझी आई, तीन दिवस उशाशी बसून होती, चमच्याने पेज भरवत होती. अक्षरं तूच शिकवलीस, जळक्या काडीने परसातल्या दगडावर. हे सगळं दासाला कोण करतं? आणि शाळेचं विचारलं की काकू दर वसंतात म्हणायच्या, पुढच्या वर्षी घालू हं मालसुन. तुझं दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत मीच न्यायचे. तू आत जायचीस, मी परत. तेव्हा वाईट वाटायचं की नाही, तेही आता धड आठवत नाही. वाटायचं. वाटत असणारच.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती फणकारली, "आई, वेड लागलंय का? म्हातारपणी परत तिचीच भांडी घासणार?" मी तिलाच रागावले. आमची युनजा तशी नाही म्हटलं. फोन ठेवला आणि कार्ड पुन्हा वाचलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय की अशा माणसांना विकता येई, भेट देता येई, वारशाने मुलांना देता येई. तुझं लग्न झालं तेव्हा तुझ्या गाद्या-रजयांबरोबर मलाही तुझ्या सासरी पाठवलं होतं, आठवतं? दोन वर्षं होते मी तिथे. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी केवढी मिरवले होते, तुला माझ्यावाचून करमणार नाही म्हणून नेताहेत असं वाटून! करमलं नसतंच तुला, हेही खोटं नाही. म्हणून तर काही उलगडत नाही. रागावू म्हटलं तर तू दिसतेस, न रागावू तर ते कार्ड.

माफी मागावीस म्हणून हे लिहिलेलं नाही, आणि येत नाही असंही मी म्हणत नाही. तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. 'जाताना आईने मालसुनला माझ्या हवाली केलं.' पहिल्यांदा वाचली तेव्हा मी काकूंसाठी आणि माझ्यासाठी पोटभर रडले. नव्वदी ओलांडलेल्या बाईने शेवटच्या श्वासाला माझं नाव घेतलं! आता ती ओळ वाचवत नाही. तू उशाशी होतीस. नीट आठव आणि खरं ते कळव, मला वाईट वाटेल म्हणून शब्द बदलू नकोस. मालसुनला सांभाळ, असं म्हणाल्या का त्या? की म्हणाल्या, मालसुन आता तुझी?

तुझीच म्हणायला आज जीभ रेटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही,

मालसुन