सोललेल्या बाटल्या

दि. १४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

आईचं नेमकं काय झालं, हे तू तीनदा विचारलं आहेस. मग आधी कचऱ्याचं ऐक. आमच्या शहरात काच, पत्रा, कागद, प्लॅस्टिक सगळं एकाच निळ्या डब्यात. गुरुवारी गाडी येते, घेऊन जाते, कुणी आत डोकावतसुद्धा नाही. पूल ओलांडून तुमच्याकडे आलं की चार डबे. बाटली धुवायची, झाकण वेगळं, लेबल सोलायचं. चुकलं की डब्यावर लाल पट्टी, आणि डबा तसाच दारात, अख्ख्या गल्लीने बघावा म्हणून. म्हणे शिस्त!

सहा महिने आई तुझ्याकडे होती. तीनदा पट्टी लागली, आणि तिन्ही वेळा तू तिला विचारलंस, भिंतीवर कचऱ्याचा तक्ता कशाला लावलाय? मला तिनेच सांगितलं, हसत हसत. बिचारी सत्त्याहत्तराव्या वर्षी शिकली एकदाची. शिकली, आणि तू 'आता तुझी पाळी' म्हणून तिला इथे आणून सोडलंस.

इथेही तिची नखं बाटल्यांवरच. अगं, इथे नाही लागत, असं सांगून माझं तोंड दुखलं. "असू दे गं, तुला कुणी बोल लावायला नको," म्हणायची. सोमवारी तिने औषधाच्या बाटल्या कोमट पाण्यात घातल्या. भरलेल्या. लेबलं सोलून, पुसून, ओळीने मांडल्या. दोन्ही तपकिरी, दोन्हींत पांढऱ्या गोळ्या. एकीतली अर्धी द्यायची, दुसरीतल्या दोन. अर्धी ती साखर उतरवायची. त्यातल्याच दोन तिच्या पोटात गेल्या. दुपारी शेजारणीला ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली.

इथवर लिहून काल पाकीट बंद करणार होते. खापर तुझ्या तक्त्यावर फुटलं असतं आणि मी सुटले असते. रात्रभर तसं करून पाहिलं, जमलं नाही.

गोळ्या तिने घेतल्या नाहीत. मी दिल्या. बाटल्या कोऱ्या आहेत हे मला दिसलं होतं. बस चुकत होती, तिच्यावर चिडले होते, अंदाजाने तिच्या हातावर ठेवल्या. तिने विचारलंही, "ह्याच का गं?" मी म्हटलं, "घे मुकाट्याने."

डॉक्टरांना मी सांगितलं, तिनेच घेतल्या, विसरते हल्ली. ती खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, "हो, माझंच चुकलं." तिला खरंच आठवत नव्हतं, का ती मला पाठीशी घालत होती, देव जाणे. तुझ्याकडे सहा महिने आणि माझ्याकडे चार, त्यात 'माझंच चुकलं' एवढं एकच वाक्य आपण दोघींनी तिच्याकडून पाठ करून घेतलंय.

शनिवारी तिला घरी सोडतील. तू घेऊन जाते म्हणतेस, ने. नको म्हणायला मला तोंड नाही. फक्त तो तक्ता आधी काढून टाक, आणि काय झालं ते तिला विचारू नकोस. ती पुन्हा तेच सांगेल.

गोळ्या देणारी,
तुझी ताई