बिनआवाजाची मालिका

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचा. गाव म्हणावं असं इथे फारसं काही नाही. एक स्टेशन, त्यामागे बंद पडलेलं इंजिनांचं यार्ड आणि या दोहोंकडे दिवसभर बघत बसलेली रिकामटेकडी माणसं. तरीही आज मी भलताच खुशीत आहे. यार्डाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि समोर ती केबिन दिसली, बाहेरून लाकडी जिना असलेली. शेजारी एका अंगाला कललेली पाण्याची टाकी. ही जागा मी पाहिलेली आहे. टीव्हीवर!

लहानपणी, पाचेक वर्षांचा असताना, शेजाऱ्यांकडे एक मालिका बघितली होती, रेल्वे कामगारांची. कृष्णधवल. नाव आठवत नाही, नट आठवत नाहीत. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, ऑफिसात एकेकाला विचारून वात आणला, पण कोणाला पत्ता नाही. आणि आता भंगाराची यादी करायला कंपनीने मला नेमकं इथे पाठवावं! शूटिंग इथेच झालं, यात शंका नाही.

राहायची सोय यार्डाला लागूनच, एका निवृत्त रेल्वे कामगाराच्या घरी, वरच्या मजल्यावर. खाली म्हातारा-म्हातारी. म्हातारा माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो, म्हणून मी त्याचं नाव होयबा ठेवलंय. म्हातारी तोंडच उघडत नाही. तिचे उपकारच म्हणायचे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दहा-बारा जणांना विचारून झालं. इथे कधी शूटिंग झालंच नाही म्हणे. सगळे ठाम. काल काय जेवले ते यांना सांगता यायचं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र छातीठोक सांगतात. न्हावी म्हणाला, झालं असतं तर नटांच्या दाढ्या मीच केल्या असत्या. तेव्हा तो स्वतः रांगत असणार, पण एवढं गणित त्याला झेपत नाही.

मजुरांच्या मुकादमाकडे गावगप्पांचा साठा आहे. होयबा हा म्हातारीचा दुसरा नवरा. पहिला इंजिन ड्रायव्हर होता, होयबा त्याच्या हाताखाली कोळसा टाकायचा. ड्रायव्हर एके दिवशी कुठल्याशा गाडीत बसला आणि बायकोला टाकून गेला तो गेलाच. या घरात तीन दिवस काढल्यावर मला त्या माणसाचं काही चुकलं असं वाटत नाही.

संध्याकाळी एक नवल घडलं. होयबाला मालिका आठवते! अख्ख्या गावात एकट्याला. माझ्या तोंडून ऐकल्यावर सगळं डोळ्यांपुढे आलं म्हणाला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

होयबा रोज चहा घेऊन वर येतो आणि समोर बसून ऐकतो. श्रोता म्हणून झकास, अकलेच्या नावाने बोंब. आज त्याला मुख्य प्रसंग सांगितला. तिन्हीसांजेची वेळ. केबिनच्या खाली एक कामगार दुसऱ्याच्या डोक्यात पहार घालतो, इंजिनातली राख टाकायच्या खड्ड्यात त्याला ढकलतो आणि फावड्याने राख ओढतो. शाल पांघरलेलं कोणीतरी शेजारी कंदील धरून उभं. आवाज नाही. शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडलेला असणार, कारण चित्रावर जाड उभ्या रेषाही होत्या. मारेकऱ्याचं काम करणारा नट अगदीच सुमार. पहिला घाव चुकला, नंतर खड्ड्याच्या काठावर बसून ओकला. कुठल्या दिग्दर्शकाने हे ठेवलं असेल?

होयबाने विचारलं, कंदील धरणाऱ्याचं तोंड दिसलं का. मी म्हटलं, आता आठवत नाही, पण आठवेल. तेच त्याने तीनदा विचारलं. मठ्ठ.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज तर कहर झाला. मेलेल्याच्या गळ्यात लाल मफलर होता, असं होयबा बोलून गेला. कृष्णधवल मालिकेत लाल मफलर! मी त्याच्या तोंडावर पोट धरून हसलो. तो हसला नाही.

मग मी कामाचं बोललो. सोमवारी राखेचा खड्डा उकरून घ्यायचाय, तळाशी जुनं लोखंड निघेल. त्याच्या हातातला कप माझ्या कागदांवर उपडा झाला. दोन तासांची यादी पुन्हा लिहावी लागली. गबाळ्या.

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

ताईला फोन केला. शेजाऱ्यांकडे टीव्ही कधी आला, एवढंच विचारायचं होतं. ती म्हणाली, मी दहा वर्षांचा होईपर्यंत आमच्या गल्लीत टीव्ही नव्हता. मग पाचव्या वर्षी कुठे बघितला? तर म्हणे, त्या वर्षी आई आजारी होती, तुला महिनाभर आत्याकडे ठेवलं होतं. आत्याचे यजमान रेल्वेत. यार्डाजवळ क्वार्टर. तू तापाने फणफणलेला, खिडकीशी खाट टाकलेली.

आणि टीव्ही?

टीव्ही कुठला, ताई हसली, त्यांच्याकडे वीजसुद्धा नव्हती. तिने गावाचं नाव घेतलं. याच गावाचं.

उभ्या रेषा म्हणजे गज. खिडकीचे गज.

मफलर लालच होता.

रविवार, संध्याकाळ

पोलिसांना काय सांगू? पाच वर्षांच्या पोराने तापात बघितलेलं? उद्या खड्डा उघडला की बोलायची गरजच नाही. आजची शेवटची गाडी गेली. होयबा दुपारपासून घरात नाही.

म्हातारी एकटी भाजी निवडत बसली होती. पहिल्यांदाच तिची कीव आली. चाळीस वर्षं गावाने तिला टाकलेली बाई म्हटलं, आणि पहिला नवरा इथेच, शंभर पावलांवर. राहवलं नाही. सगळं सांगितलं. पहार, खड्डा, होयबा, सगळं.

तिने भाजी बाजूला ठेवली. रडली नाही. माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, कंदील धरणाऱ्याचं तोंड दिसलं का.

तेच शब्द.

मी नाही म्हटलं. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होतो — ती बघत होती मी बघतोय ते —

सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळ

दार बाहेरून लावलंय. फोन खाली. माझ्या खोलीतलं विजेचं बटण जळकं म्हणून रोज तिच्याकडे चार्जिंगला देतो. काल सांगून आलो त्याच्या आधीच दिला होता. परत मागायला — धीर झाला नाही.

ओरडलो. समोर नुसतं यार्ड. मजूर नऊला येणार. आत्ता सात.

दोन म्हातारी माणसं. सत्तरीची. एका हाताने बाजूला सारीन. हे तिसऱ्यांदा लिहायला घेतलं, अक्षर लागत नाही —

होयबा जिन्यावर. गुडघे दुखतात त्याचे. एक पायरी चढतो, थांबतो. काहीतरी जड टेकवत येतोय. लोखंडी. ती मागून सावकाश म्हणते —

तो रडतोय. पुन्हा नको म्हणतोय. पुन्हा नको. तिने गप्प केलं.

कडी काढली.

दारात ती. शांत. वहीकडे बघितलं. लिहिताय होय, म्हणाली. लिहा. घाई नाही म्हणते, हातातलं वाक्य तेवढं पुरं करा साहेब, आणि