वृत्तात न बसलेली गोळी

मुलांच्या आईस,

ताप उतरला, काळजी नसावी. खोकला आहे थोडा.

डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या लिहून दिल्या. दुकानातल्या औषधवाल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, रोजची औषधं कोणती?" मी हात मागे बांधून रोजच्या गोळ्या लक्षात राहाव्यात म्हणून रचलेली माझी कविता म्हटली. तेवढ्यात सूनबाईने चष्म्याच्या घरातली तुझी यादी पुढे केली. कोलेस्टेरॉलची गोळी कवितेत नव्हतीच. वृत्तात बसेना म्हणून मीच गाळली होती!

"अहो, ही आणि विषाणूवरच्या गोळ्या एकत्र घेतल्या असत्या तर स्नायूंवर, मूत्रपिंडांवर बेतलं असतं!" बाईंनी डॉक्टरांना विचारून ती गोळी तूर्त थांबवली.

तुझ्या याद्यांना जन्मभर रूक्ष गद्य म्हणून हसलो, त्यांनीच तारलं. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्याही औषधांची यादी पाठव. यमक न जुळवता पाठ करीन.

तुझाच,
शरण आलेला कवी