पाळणाघर बंद पडेल का?

मंगळवार संध्याकाळ, तुर्भे

अनुदानाचा फॉर्म भरून झाला, एक रकाना सोडून. ‘मदत मिळाली नाही तर काय होईल?’ तिथे मी आधी लिहिलं होतं, कांदा मार्केटमागचं आमचं पाळणाघर बंद पडेल. नड दिसायला हवी ना, म्हणून.

ते चालवणाऱ्या शांतामावशींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “बंद कशापायी पडंल? तुझी आई कांदं निवडायची तवा तू हितंच झोपायचीस. तवा कुनी फॉर्म भरला हुता?”

आधी हसू आलं, मग लाज वाटली. पण खरं लिहिलं तर अनुदान देणारे फाउंडेशनवाले म्हणतील, चालतंय ना, मग पैसे कशाला? आणि नवं छप्पर तर हवंच आहे. पावसाळ्यात मुलं ओल्या लादीवर झोपतात.

तो रकाना तीनदा पुसला. शेवटी लिहिलं, ‘पाळणाघर चालूच राहील. फक्त मुलांना कोरडी जागा मिळणार नाही.’ आणि पाठवून दिलं.

चुकलं का माझं? माहीत नाही. मावशींना सांगितलं, तर कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

“चालूच ऱ्हाईल म्हनून लिवलंस न्हवं? मग उद्या सकाळी सहाला तू उघड.”

किल्ली आता या वहीवरच ठेवली आहे.