नववा लागला होता

चाकण, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सोपानराव यांस ज्योतीरामचा नमस्कार.

वर्षालीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं पोचलं. आम्ही ठीक. कंपनीत मला आता तपासणीला बसवलंय. शिक्षण आठवी, पण केसाएवढा फरक नजरेतून सुटत नाही. इंजिनिअर पोरं विचारायला येतात. तू पत्रात 'भावा' लिहिलंस. माझा हात तसं लिहायला उठत नाही.

परवा पेपरात वाचलं, लॉकडाऊनमध्ये काही देशांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली. बायकांना घरी आराम मिळाला असावा म्हणे. आराम कस्तुरालाही होता. कंपनी बंद, धुणंसुद्धा मीच धूत होतो. तरी आमचं बाळ घाईनं आलं.

१४ मे २०२०. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुला फोन केला. पास असलेली गाडी एकट्या तुझीच, भाजीचा टेम्पो. तू म्हणालास, "निघालोच, भावा." आठ पाचला परत लावला, तर फोन बंद. आमच्या गल्लीत पेशंट सापडला म्हणून वहिनींनी चावी लपवली, तू घराबाहेरच पडला नव्हतास, हे मला महिन्यानं कळलं. येत नाही, एवढं तरी सांगायचंस! पंचावन्न मिनिटं मी रस्त्यावर उभा होतो. शेवटी शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर तिला जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं.

बाळ अडीच दिवस होतं. मुलगा.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. गडबडीत फाइल घरीच राहिली होती. दारातच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवस भरलेत?" मी ठासून म्हणालो, "नववा आहे." नववा लागून दोनच दिवस झाले होते. आपल्यात लागला की नववाच म्हणतात. त्यांनी नऊ भरले असं धरलं. नंतर म्हणाल्या, "आठच झालेत हे आधी कळतं, तर तसंच पिंपरीला पाठवलं असतं. तिथे काचेच्या पेटीची सोय आहे."

घरी आल्यावर कस्तुरा म्हणाली, "सोपानभाऊजींनी घात केला." मी हो म्हणालो. साडेपाच वर्षं हो म्हणतोय. घात तू केलासच. पण सगळा तुझा नव्हता.

वर्षालीला सांग, दवाखान्यात महिने सांगू नकोस, आठवडे सांग.

मी येणार नाही. कस्तुरालाही नको म्हटलं, तर उसळली, "पोरीनं काय केलंय? तिची ओटी मी भरणार. आणि तिच्या बापाला चार शब्द ऐकवूनच येणार."

ती बोलेल ते ऐकून घे. उलट बोलू नकोस. खरं काय ते तिला मीच सांगणार आहे, ती तुझ्याकडून परत आल्यावर. तुला माफ केलेलं नाही, तरी एवढं मागतोय.

ज्योतीराम