वाफ जायच्या आत

२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. आणि भरपूर आठवण.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता, म्हणून पत्र. हॉटेलात मी रोज काय करते, असं विचारलं होतंत. सध्या थंड पदार्थांचं टेबल माझ्याकडे आहे आणि रोज परातभर बटाट्याचं सॅलड करते. घाबरू नका, मेयोनीज नाही. मागे एका लग्नात एक घास खाऊन तुम्ही त्याला खळ घातलेले बटाटे म्हणाला होतात, ते हे नव्हे. छोटे बटाटे सालासकट मिठाच्या पाण्यात उकडायचे, चिरायचे. वरून ऑलिव्ह तेल, लिंबू, बारीक कांदा, ऑलिव्हचे तुकडे आणि मूठभर पार्स्ली, म्हणजे तिकडच्या कोथिंबिरीसारखा पाला. झालं.

शनिवारी रजा मिळाली आहे. येतेय.

तुमची ठकू

११ एप्रिल

चि. ठकूस अ. आ.,

रजा रद्द झाली ते मनाला लावून घेऊ नकोस. स्वयंपाकघरातली दोन माणसं एकदम आजारी पडली तर तू तरी काय करणार. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तुझा निरोप घेऊन आल्या, तेव्हा मी तुझं सॅलड करायला घेतलं होतं. बटाटे सगळे एका मापाचे चिरले होते, शिंप्याच्या हाताला शोभतील असे. तेल-लिंबू तू आल्यावर घालायचं म्हणून थांबलो होतो. सगळे बसल्याशिवाय काही वाढायचं नाही, हा तुझ्या आईचा नियम. ती गेली तरी तो माझ्याच्याने मोडवत नाही.

शेवटी एकट्यानेच मिसळलं. तेल सगळं ताटलीच्या तळाशी आणि बटाटे कोरडे ठणठणीत. मास्तरीणबाईंच्या मते त्यात मेयोनीजच हवं. माझं कुठे चुकलं ते कळव, आणि स्वतः वेळेवर जेवत जा.

बाबा

१९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न.

मुख्य गोष्ट लिहायची माझ्याकडूनच राहिली. तेल-लिंबू बटाटे गरम असतानाच घालायचं. गरम बटाटा सगळं पिऊन घेतो, गार झाला की तोंड मिटून बसतो. तुम्ही म्हणाल, इस्त्रीखालून निघालेलं कापड गार होईपर्यंत घडी घालू नये. पण बटाटा म्हणजे कापड नव्हे, बाबा. कोणासाठी थांबू नका, आईचा नियमसुद्धा एवढ्यापुरता बाजूला ठेवा.

आता दुसरं. मुख्य आचारी मला गरम पदार्थांच्या मोठ्या टेबलावर घेतो म्हणतायत, पण आणखी दोन वर्षं राहायला हवं. महिनाअखेर सांगायचंय. जीव तिकडे ओढतो आणि काम इथे आवडतं. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

लोभ आहेच, पण थोडं रागवायलाही हरकत नाही.

तुमची ठकू

२६ एप्रिल

चि. ठकूस अ. आ.,

या वेळी थांबलो नाही. चिरताना बोटं भाजली, पण वाफ जायच्या आत तेल-लिंबू ओतलं. बटाट्यांनी ताटलीत थेंब ठेवला नाही. मास्तरीणबाईंना वाटीभर दिलं, तर त्यांनी मेयोनीजचं नावही न काढता वाटी पुन्हा पुढे केली. ही केवढी गोष्ट, ते तुला ठाऊक आहे.

मग मी जेवायला बसलो. इतकं चांगलं झालं होतं की तुझीही ताटली मांडली. समोरची तुझी खुर्ची मी अजून शिलाई मशीनपाशी नेलेली नाही.

राहा दोन वर्षं, असं लिहायचं ठरवून बसलो होतो. शहाण्या बापाने तेच लिहावं. पण तू विचारलंस म्हणून खरं सांगतो, मला तू घरी हवी आहेस. तरी तुला पटेल तसं कर, मी रुसणार नाही.

बाबा

३० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न.

आचाऱ्यांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, विचार करून बघ. मी म्हटलं, करून झाला. तिकडेच एखादं स्वयंपाकघर शोधीन, हात रिकामे राहणार नाहीत.

रविवारी दुपारच्या गाडीने येतेय. बटाटे आणि लिंबं आणून ठेवा, पण मी घरात पाऊल टाकेपर्यंत चुलीवर काही चढवू नका. एवढ्या वेळी थांबा.

तुमची ठकू